छातीतली धडधड आणि मनातली उदासी : दोन्ही एकत्र तपासायला हवीत

दर पौर्णिमेला विहारात सर्वांच्या आधी येऊन सतरंजी अंथरणारे बाबा हळूहळू येईनासे होतात. विचारले तर म्हणतात, "छातीत धडधडतं, दम लागतो, काही करावंसं वाटत नाही." घरचे म्हणतात, "वय झालं." आपणही ते मान्य करून मोकळे होतो. पण अशा ज्येष्ठाला एकाच वेळी दोन आजार असू शकतात : हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि नैराश्य. दोन्हींवर उपचार आहेत.

विश्रांती घेत असताना हृदय मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा, एका लयीत धडधडते. 'एट्रियल फिब्रिलेशन' या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. आत रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत पोहोचली तर पक्षाघात होतो. या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे ५ पट वाढतो. वाढते वय, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि दारू यांमुळे हा आजार होण्याची शक्यता वाढते.

याचा मनाशी संबंध दोन्ही बाजूंनी आहे. कधीही धडधड सुरू होईल या भीतीने माणूस घराबाहेर पडणे टाळतो, थकतो, एकटा पडतो. उलट, सततच्या नैराश्यात ताणाची संप्रेरके वाढतात, झोप बिघडते, चालणे-फिरणे थांबते, आणि हे सर्व हृदयाला घातक ठरते. थकवा आणि झोप न लागणे ही लक्षणे दोन्हींत सारखीच असल्याने एक आजार दुसऱ्याआड लपतो. थायरॉईडच्या बिघाडामुळेही दोन्ही त्रास होऊ शकतात, म्हणून तीही तपासणी करावी.

सर्वांत मोठा धोका गोळ्या चुकण्याचा आहे. उदास माणूस "आता जगून काय करायचं" म्हणत रक्त पातळ करणारी गोळी सोडतो, आणि पक्षाघाताची वाट मोकळी होते. नैराश्याच्या काही गोळ्यांचाही हृदयाच्या लयीवर परिणाम होतो. सिटॅलोप्रॅम ही गोळी ६० वर्षांवरील व्यक्तीला दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये, असा इशारा आहे. काही गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून प्रत्येक डॉक्टरला सगळ्या गोळ्या दाखवाव्यात; मनाने कोणतीही बंद करू नये.

देशभरात २०१७-१८ मध्ये झालेल्या 'लासी' सर्वेक्षणात ६० वर्षांवरील सुमारे ८ टक्के लोकांमध्ये तीव्र नैराश्याची चिन्हे आढळली. प्रत्यक्ष निदान मात्र १ टक्क्याहूनही कमी जणांचे झाले होते. बाकीचे आपल्याच घरांत, वस्त्यांत गप्प बसलेले आहेत.

कार्यकर्ते म्हणून आपण काय करू शकतो? विहारात ज्येष्ठ जमतील त्या दिवशी मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवून पूर्ण ६० सेकंद नाडी मोजू या. ठोके एकसारखे नसतील तर ईसीजी करायला घेऊन जाऊ या. सोबत दोन प्रश्न विचारू या : गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहिले का? आवडीच्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? उत्तर 'हो' आले तर उपदेश न करता ऐकून घेऊ या आणि डॉक्टरांकडे नेऊ या.

नांदेडजवळ विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. तिथे छातीची तक्रार सांगताना मनाची तक्रारही सांगावी. मानसिक आधारासाठी 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. मात्र छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता १०८ ला फोन करावा.

ज्यांनी पायपीट करून चळवळ उभी केली, त्यांच्या मनगटावर एक मिनिट बोटे ठेवायला पैसा लागत नाही. येत्या पौर्णिमेला कोण आले नाही, हे आधी पाहू या आणि त्यांच्या घरी जाऊ या.