बॅट कधी थकते?

बॅटचं वय वर्षांत नव्हे, खेळलेल्या चेंडूंत मोजावं. विलोचं लाकूड हलकं, सच्छिद्र. कारखान्यात दाबून त्याचा पृष्ठभाग घट्ट केलेला असतो. चेंडूला उसळी देणारे या पृष्ठभागातले तंतू फटक्यागणिक चिरडत जातात. केसासारख्या बारीक भेगांना मी घाबरत नाही. टेप लावून खुशाल खेळावं. पण बॅटच्या टोकाकडे नीट बघा. मुंबईत कांगा लीग ऐन पावसाळ्यात खेळली जाते, तिथे ओल्या खेळपट्टीवर टेकलेलं टोक पाणी पितं, फुगतं आणि चिरतं. जवसाचं तेल बेतानंच लावा, अतितेलानं बॅट जड होते. खणखणीत ठोक्याऐवजी बद्द आवाज येऊ लागला, की नवी घ्या. नुसती मूठ मोडली असेल, तर ती बदलून मिळते.