रक्त आमचे, मालकी कोणाची?

विदर्भातल्या वस्त्यांत सिकलसेल हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सांधे ठणकतात, अंगातले रक्त उतरते, पोरगी ऐन परीक्षेत दवाखान्यात भरती होते. लग्न जमवताना मुलगा 'एएस' की 'एसएस' हे विचारावे लागते. पूर्वाश्रमीचे महार, गोंड, माडिया, सातपुड्यातले भिल्ल-पावरा आणि इतर मागास जाती या आनुवंशिक आजाराचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहत आहेत.

या आजारावर नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचे दोन शोधनिबंध १९५८ साली प्रसिद्ध झाले. धम्मदीक्षेला तेव्हा दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. एक लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये आला, दुसरा आणखी एका सहकाऱ्यासह अमेरिकेच्या 'ब्लड'मध्ये. आज 'ब्लड'मधला निबंध इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतो. 'लॅन्सेट'मधला उघडायला गेले की पैसे मागतात. आजार तोच, सालही तेच. फरक मालकीचा आहे. 'ब्लड' अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे आहे आणि त्यातले लेख वर्षभराने खुले होतात. 'लॅन्सेट' १९९१ पासून एल्सव्हियर या बड्या कंपनीकडे आहे. ज्या निबंधाशी १९५८ साली या कंपनीचा काडीचा संबंध नव्हता, त्याच्या दारात ती आज गल्ला मांडून बसली आहे!

गंमत अशी की 'लॅन्सेट'चा जन्मच मक्तेदारीविरुद्ध झाला. थॉमस वाकली या डॉक्टरने १८२३ मध्ये ते काढले, तेव्हा लंडनच्या बड्या शल्यविशारदांची व्याख्याने फक्त फी भरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असत. वाकलीने ती सरळ छापायला सुरुवात केली. अ‍ॅबरनेथी नावाचे सर्जन 'माझी विद्या माझ्या मालकीची' म्हणत त्याच्यावर कोर्टात गेले. वाकलीचे ते नियतकालिक आता कोणाच्या बाजूला उभे आहे?

या धंद्याचे गणित पाहा. संशोधनाचा पगार बहुतेक वेळा सरकारी तिजोरीतून. रक्ताचे नमुने गोरगरीब रुग्णांचे. निबंध तपासणारे तज्ज्ञ सहसा एक पैसाही घेत नाहीत. लेखक स्वामित्वहक्क कंपनीला फुकट लिहून देतो. मग तोच निबंध ग्रंथालयाला विकला जातो. एल्सव्हियरच्या मालक कंपनीला विज्ञान-वैद्यक विभागात शंभर रुपयांच्या विक्रीमागे सुमारे ३८ रुपये नफा होतो.

छापखाना कोणाच्या हातात, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीला नवा नाही. १९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे व्यासपीठ काढून घेतले, तेव्हा त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. दुसऱ्याच्या मेहेरबानीवर विचार पोहोचत नाही, हे ते जाणून होते. आरोग्याच्या ज्ञानाबाबत तर ही मेहेरबानी जिवावर बेतते. लायबेरियात इबोलाचा धोका आहे, असा इशारा युरोपियन संशोधकांनी १९८२ मध्येच एका नियतकालिकात दिला होता. २०१४ च्या साथीत त्या देशाला त्याचा पत्ता नव्हता. २०१५ मध्ये तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी जगाला सांगितले, की तो एक निबंध उतरवून घ्यायला ४५ डॉलर लागतात, म्हणजे लायबेरियन डॉक्टरचा अर्ध्या आठवड्याचा पगार.

आपल्या सरकारने यावर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' हा तोडगा काढला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयाच्या मुलाला याचा लाभ आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण आशाताई, वस्तीत काम करणारा कार्यकर्ता आणि खुद्द रुग्ण या दाराबाहेरच राहिले. शिवाय हे भाडे आहे. मुदत संपली की पुन्हा थैली सोडा.

दुसरा मार्ग म्हणजे वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घेणे. 'नेचर'ने २०२० मध्ये एका लेखासाठी ९,५०० युरो जाहीर केले. पूर्वी बहुजन विद्यार्थी वाचायला मुकत होता, आता लिहायला मुकेल!

मुंबईत एक वेगळा प्रयोग झाला होता. 'मेडनो' या प्रकाशनाने केईएमच्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'सह अनेक भारतीय वैद्यकीय नियतकालिके वाचकांना मोफत दिली. २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या डच कंपनीने 'मेडनो'च विकत घेतली. दार उघडे असून भागत नाही. किल्ली कोणाच्या कमरेला आहे, तेही पाहावे लागते.

अमेरिकेच्या एनआयएच या संस्थेने १ जुलै २०२५ पासून आपल्या पैशातून झालेले निबंध प्रसिद्ध होताच खुले करणे बंधनकारक केले. भारतातही केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ मध्ये धोरण काढले, की त्यांच्या निधीतल्या निबंधाची प्रत खुल्या भांडारात जमा करावी. त्याची सक्ती कोणी केली? २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. विदर्भातल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात साधे दोन प्रश्न विचारावेत : सिकलसेलवरच्या सरकारी निधीतून किती निबंध निघाले, आणि त्यांतले किती आपल्याला पैसे न देता वाचता येतात? तिसरा प्रश्न जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारावा. त्यातल्या एकाचा तरी सारांश मराठीत किंवा गोंडीत रुग्णाच्या हाती गेला आहे का?