ट्रॅक्टरवर बसण्याआधीची पाच मिनिटे

दसऱ्याला ट्रॅक्टर धुतला जातो, त्याला झेंडूचा हार घातला जातो, समोर नारळ फुटतो. पण वर्षातून एक दिवस यंत्राची एवढ्या निगुतीने पूजा करणारा माणूस उरलेल्या दिवसांत चावी फिरवतो आणि निघतो. परतूर तालुक्यात नांगरटीपासून कापूस-सोयाबीनच्या वाहतुकीपर्यंत बरीच कामे आता ट्रॅक्टरवरच चालतात. बैलाला धन्याची हाक कळत असे. ट्रॅक्टरला हाक कळत नाही, हे मात्र आपण अजून पुरते ध्यानात घेतलेले नाही.

आरोग्याच्या सदरात ट्रॅक्टर कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. साथीचा ताप आला तर गाव सावध होते. ट्रॅक्टरच्या अपघाताला मात्र आपण ‘नशीब’ म्हणून मोकळे होतो. वास्तविक हे अपघात ठरावीक चुकांतून होतात, म्हणजेच ते टाळता येतात. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात मजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात महिलांचा मृत्यू झाला. त्या वसमत तालुक्यातील गुंज गावच्या होत्या. आपल्याकडेही शिवारात बिनकठड्याच्या विहिरी आहेत आणि ट्रॉलीत बसून कामाला जाणारी माणसेही आहेत.

दोन नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत. ट्रॅक्टरवर एकच माणूस बसेल, तो म्हणजे चालक. आणि इंजिन बंद झाल्याशिवाय कोणत्याही अवजाराला हात लागणार नाही. बाकीच्या बहुतेक सूचना या दोन नियमांतूनच निघतात.

सुरू करण्यापूर्वी

ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारावी. टायरमधील हवा, चाकांचे नट, ऑईल व पाण्याची पातळी, गळती, दिवे आणि ट्रॉलीच्या हुकाची पिन पाहावी. दोन्ही ब्रेकचे पेडल दाबून पाहावेत. शेतात वळण घेण्यासाठी ते वेगळे करता येतात, पण रस्त्यावर येण्यापूर्वी त्यांना जोडणारी खिट्टी लावलीच पाहिजे. ती न लावता वेगात एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर एका बाजूला फेकला जाऊन उलटू शकतो.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. उसळणाऱ्या वाफेने तोंड व हात भाजतात. डिझेल भरताना इंजिन बंद ठेवावे आणि विडी दूर ठेवावी. डिझेलच्या उच्च दाबाच्या नळीची गळती बोटाने चाचपू नये. बारीक छिद्रातून येणारी धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणीएवढी जखम दिसते, पण आतले मांस सडू लागते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

शेवटी चाकांखाली आणि ट्रॉलीमागे वाकून पाहावे. सावलीला बसलेले मूल चालकाच्या जागेवरून दिसत नाही.

सुरू करताना

नेहमी आसनावर बसूनच, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि क्लच दाबून ट्रॅक्टर सुरू करावा. स्टार्टर बिघडला म्हणून खाली उभे राहून पान्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने तारा जोडण्याची सवय फार वाईट. अशा वेळी माणूस मोठ्या चाकाच्या अगदी पुढे उभा असतो. गिअर चुकून पडलेला असेल तर इंजिन सुरू होताच चाक अंगावरून जाते. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील विषारी वायूमुळे डोके दुखते, भोवळ येते, शुद्धही हरपते.

शेतात आणि रस्त्यावर

ट्रॅक्टर मागच्या बाजूला उलटतो तो चिखलात. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात चाक रुतले की चालक जोर लावतो, काही जण चाकाला लाकूडही बांधतात. चाक फिरायला जागा नसली की इंजिनाचा सगळा जोर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलतो. दीड-दोन सेकंदांत सुमारे दोन टनांचे धूड चालकावर येते. उडी मारायला वेळच मिळत नाही. रुतलेला ट्रॅक्टर आधी रिव्हर्समध्ये काढून पाहावा. नाही निघाला तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावा. ओढताना साखळी खालच्या हुकालाच लावावी, वरच्या दांड्याला कधीही नाही.

विहीर, नाला, कॅनॉल यांच्या काठापासून, खड्डा जेवढा खोल तेवढे तरी अंतर सोडून चालवावे. ओल्या काठावर याहूनही लांब राहावे. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवू नये. भरलेली ट्रॉली मागून रेटत असताना नुसता ब्रेक पुरत नाही.

मडगार्डवर पोराला बसवणे हा कौतुकाचा भाग समजला जातो. एका खड्ड्याने ते मूल मागच्या चाकाखाली जाते. ट्रॉली मालासाठी आहे. तिच्यातून माणसे नेण्यास कायद्याची परवानगी नाही. तसेच १८ वर्षांखालील मुलाला ट्रॅक्टरचा परवाना मिळत नाही, मग शेत घरचे का असेना.

स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या रक्षणासाठी लोखंडी चौकट सक्तीची केली आणि तिथे उलटून होणारे मृत्यू पुढे झपाट्याने घटले. नवा ट्रॅक्टर घेताना अशा चौकटीची मागणी जरूर करावी. चौकट असेल तर पट्टा बांधावा, नसेल तर बांधू नये.

शाफ्ट आणि रोटाव्हेटर

पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यात धोतराचा सोगा, पदर, ओढणी किंवा गळ्यातले उपरणे अडकले तर एका सेकंदात दीड-दोन मीटर कापड गुंडाळले जाते, आणि कापडामागून माणूस. शाफ्टवरचे झाकण काढून टाकू नये. फिरत्या शाफ्टवरून ओलांडून जाऊ नये. रोटाव्हेटरमध्ये पऱ्हाटी अडकली तर आधी पीटीओ सोडवावा, इंजिन बंद करून चावी खिशात घालावी, पाती थांबू द्यावीत, मगच हात घालावा.

उभा करताना

सपाट जागा पाहावी. अवजार जमिनीवर टेकवावे. वर उचललेल्या नांगराखाली बसून दुरुस्ती करू नये. ब्रेक लॉक करावा, इंजिन बंद करून गिअर टाकावा, चाकाला दगड लावावा आणि चावी काढून घ्यावी. रात्री रस्त्यात ट्रॉली बिघडली तर ती शक्य तितकी कडेला घ्यावी. मागे रेडियमची पट्टी असावी आणि दिवा लावावा. अंधारात उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून जाणारा जीव आपल्याच गावचा असतो.

अपघात झालाच तर

प्रथम इंजिन बंद करावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. अडकलेल्या माणसाला हिसका देऊन ओढू नये. ट्रॅक्टर उचलावा लागला तर खाली दगड-लाकडाचा आधार देत उचलावा. अंग किती वेळ दबलेले होते ते डॉक्टरांना सांगावे. बराच वेळ चेंगरलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारे पदार्थ मूत्रपिंडाला इजा करतात. मान व पाठ वाकवू नये.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. हळद, राख, चहापूड, डिझेल यांपैकी काहीही लावू नये. बोट तुटले तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बर्फ बोटाला थेट लागता कामा नये. पाणी किंवा चहा पाजू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. रस्त्यावरील जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यास भीती बाळगण्याचे कारण नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन त्याला संरक्षण मिळाले आहे.

कान आणि कंबर

अपघात न होताही ट्रॅक्टर शरीरावर खूण ठेवतो. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा मानतात. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर जोराचे काम करताना ती सहज ओलांडली जाते. त्यावर मोठ्याने गाणी लावली तर कानाची हानी होतेच, शिवाय मागून ‘थांब’ म्हणून ओरडणाऱ्याचा आवाजही पोहोचत नाही. कानात बोळे घालावेत. हादऱ्यांनी कंबर धरते, म्हणून आसनाची स्प्रिंग दुरुस्त ठेवावी आणि दर दोन तासांनी खाली उतरून पाय मोकळे करावेत. दारू घेतलेल्या किंवा रात्रभर जागलेल्या माणसाच्या हाती चावी देऊ नये.

येत्या हंगामात घरातल्या बायामाणसांनी एक काम अंगावर घ्यावे. ट्रॅक्टर निघण्याआधी विचारावे, ‘ब्रेकची खिट्टी लावली का? मागे पोर नाही ना?’ उत्तर मिळाल्याशिवाय त्याला वाट देऊ नये.