मागल्या खोलीतला दादा

आमच्या इंदूरच्या घरी बैठकीला कोणी थोर मंडळी यावयाची असली की दोन गोष्टी आवर्जून होत. पखवाजाच्या डाव्या पुडीला ताजी कणीक लागे आणि दादाला मागल्या खोलीत नेऊन बसवीत. दुसऱ्या गोष्टीत काही गैर आहे असे त्या वेळी घरात कोणालाच वाटत नसे, मलाही नाही.

आमचे वडील, आप्पा, हे नानासाहेब पानसे यांच्या परंपरेतले पखवाजिये. होळकर दरबारात गुरूंच्या मागे बसून ते साथ करू लागले तेव्हा अगदी पोरसवदा होते. १९४८ साली इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झाले त्या वेळी त्यांना बाविसावे लागले होते. दरबार गेला, पण दरबारी रीत काही घरातून गेली नाही. लग्न उशिरा झाले, मुले त्याहून उशिरा. दादा १९७१चा, मी त्याच्यानंतर आठ वर्षांनी. दादा उशिरा चालला, उशिरा बोलला, आणि बोलला तेही मोजकेच. दोन वर्षे पहिलीत बसल्यावर शाळा सुटली. ‘जरा मंद आहे, होईल मोठेपणी नीट’, असे आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. पुढेपुढे तिने तेही सांगणे सोडले, कारण दादा आहे हे ठाऊक असणारेच कमी झाले.

१९८६च्या एका बैठकीत चौताल चालू असता दादा मागल्या खोलीतून उठला, थेट बैठकीत आला, आणि समेवर जोराने टाळी देऊन हसला. सम अचूक होती. पाहुणे कौतुकाने हसले. आप्पा हसले नाहीत. आठ दिवसांनी आम्ही मीटरगेजच्या गाडीने खंडव्याला व तेथून बऱ्हाणपूरला गेलो, आणि पुढे मावशीच्या गावी, जसोंडीला. दादाला हवापालट हवा, असे मला सांगितले होते. परतताना आम्ही तिघेच होतो.

ह्या टाळीची गोष्ट मी पुढे अनेकदा मैफलीनंतरच्या गप्पांत सांगितली, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे दर वेळी पाणावले. आता सांगताना संकोच वाटतो. दादाला सम कळत होती म्हणून त्याला बैठकीत जागा हवी होती, असा तिचा अर्थ होतो. मग ज्याला सम कळत नाही त्याने काय करावे? मागल्या खोलीतच बसावे?

जसोंडीत त्याला जागा मिळाली ती तालावर नव्हे. मावशीकडे केळीची बाग. सकाळी गुरांना पाणी दाखवायचे, दुपारी मळ्यावर भाकरी पोचवायची, सुकी पाने एका जागी ओढून ठेवायची, ही कामे हळूहळू त्याची झाली. भाकरीचे गाठोडे घेऊन तो भलत्याच मळ्यात गेला तर तिथले कोणीतरी त्याचा हात धरून आणून पोचवी. दुकानदार त्याच्याकडून पैसे घेत नसे, मावशीच्या नावे मांडून ठेवी. मुले चिडवीत नसत असे नाही. चिडवीत, आणि एखादी म्हातारी त्यांना चार शिव्याही हासडी. ह्याला कोणी सेवा म्हणत नव्हते. तो गावातला एक होता, इतकेच.

पण गावाचे कौतुक करून मी थांबलो तर ते आमच्या घराच्या सोयीचे होईल. ह्या साऱ्याला एकच खांब होता, तो म्हणजे मावशी. औषधपाणी, दाढी, आंघोळ, रात्री फेफरे आले तर उशाशी बसणे, सारे तिच्याकडे. गेल्या दिवाळीनंतर तिचा फोन आला. तिची ऐंशी उलटली आहे. म्हणाली, ‘मी आहे तोवर आहे. माझ्या मागं ह्याचं कसं, ते तू येऊन सांग.’

मुंबईत होरमसजी व जेरबानू वकील ह्या पारशी दांपत्याला दीना नावाची मुलगी होती, जन्मतः डाउन सिंड्रोम असलेली. तिला घेईल अशी शाळा नव्हती, तेव्हा त्यांनी १९४४ साली आपणच शाळा काढली. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. पुण्यात १९६४ मध्ये कामायनी निघाली. मात्र शाळा अठरा वर्षांपर्यंतची. मूल प्रौढ होते आणि आईबाप म्हातारे होतात, तेव्हा मावशीचाच प्रश्न उभा राहतो. तो सोडवायला गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात पालकच एकत्र आले. बदलापूरचे ‘आधार’ अशा पालकांनी उभे केले. तिथे मोठी झालेली मुले कायमची राहतात, झेपेल ते काम करतात. १९९५ मध्ये देशभरच्या पालकसंघटनांचा ‘परिवार’ हा महासंघ झाला. ह्या संस्था वाचताना एक गोष्ट मनात येत राहिली: ज्यांनी त्या काढल्या त्यांनी आपले मूल आधी चारचौघांत आणले होते.

कायद्याचेही तसेच आहे. १९९९ साली संसदेने राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व (आता बौद्धिक दिव्यांगता म्हणतात, आणि तेच बरे) व बहुविकलांगता, ह्या चौघांसाठी तो आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईबापदेखील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, ही गोष्ट आपल्यापैकी किती घरांत ठाऊक आहे? ह्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवली: जिल्हाधिकारी, नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आईबाप वा नातेवाईक अर्ज करतात, समिती पालक नेमते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि पुढे दर वर्षी हिशेब. म्हणजे वाड्यातला वाटा ‘त्याला काय कळतंय’ म्हणून गिळता येत नाही. निरामय नावाची विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची, आधी वैद्यकीय तपासणीची अट नसलेली. पण ह्या सगळ्याच्या दाराशी एक कागद लागतो, दिव्यांगत्वाचा दाखला. दाखल्यासाठी माणूस डॉक्टरांपुढे उभा करावा लागतो. आमच्या घराने दादाला कोणापुढे उभेच केले नव्हते.

एक खुलासा येथेच करतो, कारण माझ्या वर्गात येणारे आईबाप दोन्ही एकत्र करतात. वाचनलेखनापुरती अडचण असणे वेगळे. माझ्याकडे एक मुलगी आहे, तिला भातखंड्यांच्या लिपीतली ओळ वाचता येत नाही, ऐकवली की तीच बंदिश बिनचूक गाते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत ह्याचीही गणना आहे, परीक्षेत सवलतीही मिळतात. तिचे आईवडील तीन वर्षे तिला आळशी म्हणत होते. असो.

तर पौष महिन्यात मी जसोंडीला गेलो. अशीरगड मागे पडला की रस्त्याच्या दोहो बाजूंना केळी सुरू होतात. दादाने मला ओळखले, पण ‘आप्पा?’ असे विचारून माझ्या पाठीमागे पाहिले. आप्पा जाऊन बरीच वर्षे झाली. दुसऱ्या दिवशी मी आणि मावसभाऊ त्याला घेऊन बऱ्हाणपूरला गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी दादाला नाव, गाव, रुपयांची नाणी विचारली, मग आम्हाला विचारले, ‘उम्र चौवन? पहले कहाँ दिखाया था?’ मावसभाऊ माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, ‘कहीं नहीं।’ त्यांनी मान खाली घालून तसे लिहून घेतले.

मी दादाला इंदूरला आणायचे ठरवूनच गेलो होतो. चाळीस वर्षांची चूक एका फेरीत फेडून टाकावी, असा माझा बेत. रात्री जेवताना तो बोलून दाखवला. मावशी गप्प राहिली. मावसभावाची बायको ताटात भाकरी वाढीत म्हणाली, ‘भाऊजी, कागदावर नाव तुमचं लावा. पण माणूस इथंच राहू द्या. तिकडं त्यांना रस्त्यात कोण ओळखणार?’

ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. इंदुरात माझ्याच आळीत कोणाला दादा माहीत नाही. तेव्हा पालक म्हणून अर्ज माझा गेला आहे, तो बऱ्हाणपूरच्याच समितीकडे. औषधांचा आणि दिवसा मदतीला येणाऱ्या माणसाचा खर्च मी पाठवतो, आणि महिन्यातून एकदा जातो. मावशीनंतर वहिनींना हे झेपेल की नाही, त्या म्हणतात झेपेल. मी बदलापूरसारखी जागा आपल्या बाजूला कुठे आहे का, ह्याची चौकशी चालू ठेवली आहे. पुढल्या सुनावणीला दादाला घेऊन जायचे आहे. त्याने इंदूरची शेव आणायला सांगितली आहे, आणि विसरू नये म्हणून वहिनींकरवी दोनदा फोनही केला.