लाटेच्या टोकावरून

परवा देवासहून इंदूरमार्गे धारला गेलो. गाडी मी चालवत होतो, शेजारी ताई आणि मागे दहावीतली भाची. "मामा, मागे बसल्यावर पट्टा कोण लावतं?" म्हणून तिने तो लावलाच नव्हता.

बेटमा सोडल्यावर अचानक गाय आडवी आली. ब्रेक दाबला. मागच्या सीटवरचा शेवेचा डबा सुटला आणि दोन सीटांमधून थेट गिअरवर आदळला. भाचीचं नाकही ताईच्या सीटवर आपटलं.

"डबा कोणी फेकला?"

"कोणीच नाही. थांबली ती गाडी. डबा आधी जात होता तसाच पुढे गेला. तूसुद्धा!"

यालाच जडत्व म्हणतात. स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ जात राहते, बाहेरून बल लागेपर्यंत. न्यूटनने १६८७ साली मांडलेला हा पहिला नियम भाचीला तोंडपाठ होता. पट्टा म्हणजेच ते बाहेरचं बल, हे मात्र तिच्या लक्षात आलं नव्हतं.

धारला लाट मशीद पाहिली. दिलावर खानाने १४०५ मध्ये बांधलेली. तिला हे नाव ज्या लोखंडी लाटेमुळे पडलं, तिचे तीन तुकडे बाहेर ओट्यावर ठेवले आहेत. एकूण वजन सुमारे सात टन. मोठा तुकडा आग्र्याला न्यावा असं जहांगीरच्या मनात होतं, पण लाट धारमध्येच राहिली.

"ही गुळगुळीत बर्फावर ठेवली तरी ढकलताना घाम फुटेल," मी म्हणालो. "वस्तुमान जास्त तितकं जडत्व जास्त. एकदा चालू लागली की थांबवणंही तितकंच अवघड."

मग तिलाच गणित घातलं. तिन्ही तुकड्यांची मिळून लांबी साधारण १३ मीटर. अखंड लाट उभी असती आणि टोकावरून कोणी पडलं असतं, तर जमिनीवर किती वेगाने आदळलं असतं?

तिने मोबाइल काढला. उंची गुणिले ९.८ गुणिले २, त्याचं वर्गमूळ. सेकंदाला सुमारे १६ मीटर, म्हणजे ताशी ५७-५८ किलोमीटर.

"मामा, गाय आली तेव्हा आपला वेग किती होता?"

"साठच्या आसपास. ब्रेक लागला म्हणून निभावलं. समोर ट्रक असता तर तू त्याच वेगाने आईच्या पाठीवर आदळली असतीस."

ती काही बोलली नाही. परतताना किल्ली फिरवायच्या आधीच मागून 'खट्' असा आवाज आला. शेवेचा डबा तिने पायाशी, सीटखाली ठेवला होता.