पांढरी टोपी फोटोत करडी का येते?

एक्स्पोजर म्हणजे फोटो काढताना सेन्सरवर पडू दिलेल्या प्रकाशाचे माप. ते जास्त झाले की फोटो पांढराफटक पडतो, कमी झाले की काळवंडतो. डीएसएलआर कॅमेऱ्यात हे माप दोन गोष्टी ठरवतात: लेन्समधले अ‍ॅपर्चर किती उघडे आहे आणि शटर किती वेळ उघडे राहते. तिसरे नाव आयएसओचे. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर जादा प्रकाश येत नाही. जेवढा आला तेवढ्याचाच संकेत वाढवून घेतला जातो. म्हणून आयएसओ चढवला की फोटोत दाणे दिसू लागतात.

तिन्हींचे माप एकच, स्टॉप. एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मे. शटर १/१२५ वरून १/२५० सेकंदावर नेले की प्रकाश निम्मा होतो. आयएसओ १०० वरून २०० केला की फोटो एका स्टॉपने उजळतो. अ‍ॅपर्चरचे आकडे मात्र नवख्याला चकवतात: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. लेन्सच्या फोकल लेंग्थला छिद्राच्या व्यासाने भागले की हा एफ-आकडा मिळतो, त्यामुळे आकडा मोठा तेवढे छिद्र लहान. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. साहजिकच प्रकाश निम्मा करायचा तर आकडा दुपटीने नव्हे, सुमारे १.४ पटीने वाढवावा लागतो.

एफ ८ ला १/१२५, एफ ५.६ ला १/२५० आणि एफ ४ ला १/५०० या तिन्ही जोड्यांत सेन्सरवर सारखाच प्रकाश पडतो. गर्दीत नाचणाऱ्याचे फोटो मात्र वेगवेगळे येतात. पहिल्यात मागची गर्दी बऱ्यापैकी स्पष्ट असते; तिसऱ्यात ती धूसर होते आणि नाचणाऱ्याचा हात जागच्या जागी थिजतो. कोणती जोडी घ्यायची हे विषयावर ठरते. पण सारखा म्हणजे नेमका किती प्रकाश, हे ठरवायला कॅमेऱ्यात लाइट मीटर असतो, आणि बहुतेक फोटो बिघडतात ते या मीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवल्याने.

मीटर वस्तूवरून परतलेला प्रकाश मोजतो. समोर काय आहे, हे त्याला कळत नाही. त्याने एकच गृहीत धरलेले असते: समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे. पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारा करडा रंग हे छायाचित्रणातले रूढ माप आहे. ग्रे कार्ड नावाचा पुठ्ठा याच रंगाचा असतो. झाडे, घरे, माणसे, रस्ता असे संमिश्र दृश्य असेल तर हे गृहीतक चालून जाते. वारीत ते कोलमडते. चौकट पांढऱ्या टोप्या, सदरे आणि धोतरांनी भरली की मीटरला वाटते प्रकाश फार झाला. तो एक्स्पोजर खाली ओढतो आणि टोप्या मळकट करड्या येतात. वेरूळच्या कैलास लेण्यातल्या काळ्या कातळापुढे नेमके उलटे घडते. तिथे मीटर प्रकाश वाढवतो आणि बेसॉल्टचा काळेपणा उडून जातो.

यावरचा उपाय कॅमेऱ्यावरच असतो: अधिक-उणे चिन्ह असलेले एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचे बटण. पांढऱ्यासाठी अधिक, काळ्यासाठी उणे. पहिल्यांदा ऐकताना हे विपरीत वाटते, कारण पांढरे आधीच झगझगीत दिसत असते. पण इथे मीटरची चूक दुरुस्त करायची आहे. पांढऱ्याने भरलेल्या चौकटीला एक ते दीड स्टॉप अधिक, कातळाला सुमारे एक स्टॉप उणे, इथून सुरुवात करावी आणि फोटो तपासून कमीजास्त करावे. आषाढातले ढगाळ आभाळ हा याहून फसवा प्रकार. ते डोळ्यांना मंद वाटते, पण सावळ्या चेहऱ्याच्या तुलनेत फार तेजस्वी असते. कॅमेरा वर करून वारकऱ्याचा चेहरा आभाळावर घेतला की चेहरा काळा पडतो. अशा वेळी दीड-दोन स्टॉप वाढवून आभाळ पांढरे होऊ द्यावे, किंवा दोन पावले सरकून मागे झाड वा दिंडी घ्यावी. दुसरा मार्ग बहुतेक वेळा सरस ठरतो.

मीटरने चौकटीचा कोणता भाग मोजायचा, हे निवडता येते. निकॉनने १९८३ मध्ये एफए या फिल्म कॅमेऱ्यात चौकटीचे भाग पाडून मोजणारी पद्धत आणली. आजचे मॅट्रिक्स मीटरिंग तिथून आले. कॅनन त्यालाच इव्हॅल्युएटिव्ह म्हणते. रोजच्या कामाला ते पुरते. स्पॉट मीटरिंग चौकटीचा जेमतेम काही टक्के भाग मोजते. मंचावरच्या प्रकाशझोतात उभ्या असलेल्या गायकासाठी, भोवतीच्या अंधाराची दखलच घ्यायची नसते तेव्हा, ते उपयोगी. निकॉनमध्ये हा ठिपका निवडलेल्या फोकस बिंदूबरोबर सरकतो. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो मध्यभागीच असतो. हे ठाऊक नसेल तर मोजले जाते भलतेच.

मीटरशिवायही काम भागते. भर उन्हात एफ १६ ठेवावे आणि शटर आयएसओच्या आकड्याइतके: आयएसओ १०० ला १/१००, २०० ला १/२००. कोडॅकच्या फिल्मच्या खोक्यावर सूर्य-ढगांची चित्रे काढून हाच हिशेब छापलेला असे. चंद्रही जवळपास याच नियमात बसतो, कारण चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडकच. कोजागरीच्या फोटोत चंद्राच्या जागी पांढरी टिकली उमटते, कारण मीटर काळे आभाळ मोजून प्रकाश वाढवत नेतो. टेलिफोटो लेन्स लावून एफ ११, आयएसओ १०० आणि १/१०० ठेवले की चंद्रावरचे डाग उमटतात. अमेरिकेचे छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांना १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावी ऐन वेळी मीटर सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजाचा माहीत असलेला आकडा धरून त्यांनी एक्स्पोजर काढले. चंद्रोदयाचे ते चित्र त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कामांपैकी एक आहे.

फोटो काढल्यावर तपासायचा तो हिस्टोग्रामवर. कॅमेऱ्याचा पडदा उन्हात निस्तेज दिसतो आणि रात्री भलताच उजळ, त्यामुळे नुसत्या नजरेचा निवाडा खरा नाही. हिस्टोग्राम म्हणजे ० ते २५५ अशा छटांचा आलेख. डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे. आलेख डोंगरासारखा मध्ये असलाच पाहिजे, ही समजूत चुकीची. टोप्यांच्या फोटोचा भार उजवीकडेच हवा. पाहायचे एवढेच की उजव्या कडेला आलेख भिंतीवर आदळल्यासारखा साचलेला नाही. साचला असेल तर तिथला तपशील गेला, आणि जेपेगमध्ये तो कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. झेंडू, गुलाल, शेंदूर यांच्याबाबत आणखी एक काळजी: एकत्रित आलेख ठीक दिसत असतानाच लाल रंग कडेला आदळलेला असतो. म्हणून लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दाखवणारा पर्याय सुरू ठेवावा. दिव्याची ज्योत, भांड्यावरची चमक, खुद्द सूर्य हे मात्र पांढरे झाले तर खुशाल होऊ द्यावे.

रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरची माहिती जशीच्या तशी साठवणाऱ्या फाइलमध्ये, दुरुस्तीला जागा जास्त असते. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. अंधारातला तपशील थोडे दाणे सोसून वर काढता येतो. पूर्ण पांढरे झालेले रॉमध्येही पांढरेच राहते. शंका असेल तेव्हा टोपीची वीण वाचवावी, सावली नंतर उजळता येते.

मॅन्युअल मोडमध्ये सगळे आपल्याच हातात असते, हा एक गैरसमज आहे. शटर आणि अ‍ॅपर्चर हाताने लावले, पण आयएसओ ऑटोवर ठेवला, तर उजळपणा अजूनही मीटरच ठरवत असतो. लग्नाच्या हॉलमध्ये दिवे तेच असताना नवऱ्याच्या पांढऱ्या शेरवानीवर एक आणि काळ्या सुटावर दुसरे एक्स्पोजर येते ते यामुळे. प्रकाश बदलत नसेल तर आयएसओही बांधून टाकावा.

डीएसएलआरमध्ये मीटर व्ह्यूफाइंडरच्या घुमटात बसवलेला असतो. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून धबधब्याचे लांब एक्स्पोजर घेताना डोळा तिथे नसला की मागून शिरणारा प्रकाश त्याची गफलत करतो. त्यासाठीच अनेक कॅमेऱ्यांबरोबर, काहींच्या तर पट्ट्यालाच, रबरी किंवा प्लॅस्टिकचे झाकण दिलेले असते. आणि कॉम्पेन्सेशनचा आकडा बहुतेक कॅमेऱ्यांत बंद करून पुन्हा चालू केल्यावरही तसाच राहतो. काम झाले की तो शून्यावर आणून ठेवावा.