ज्ञान्यांचे ज्ञान आणि शेतकऱ्याचे शहाणपण



ज्ञान्यांचे ज्ञान नाहीसे करण्याचा इशारा परमेश्वराने यशया संदेष्ट्याच्या द्वारे दिला (यशया २९:१४). पौलाने करिंथच्या मंडळीला हेच वचन आठवून दिले. म्हणून देव शिक्षणाच्या किंवा बुद्धीच्या विरुद्ध आहे, असे काहींना वाटते. पण मागचापुढचा संदर्भ वाचला म्हणजे अर्थ उलगडतो.

ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या अखेरीस यहूदावर अश्शूरचे संकट होते. हिज्कीया राजाच्या सल्लागारांनी मिसर देशाची मदत मिळवण्याचे बेत केले. ते देवाला विचारून केलेले नव्हते. उलट, त्याच्यापासून लपवलेले होते. मंदिरात उपासना चालूच होती, पण ती ओठांची, अंतःकरणाची नव्हे. त्याआधी दहाव्या अध्यायात गरिबांचा हक्क बुडवणारे कायदे लिहिणाऱ्यांनाही यशयाने धिक्कारले होते. ख्रिस्तपूर्व ७०१ मध्ये अश्शूरच्या सन्हेरीबाने यहूदाची तटबंदीची नगरे घेतली, तेव्हा मिसरचा आधार फोल ठरला. यरुशलेम वाचले ते देवाच्या कृपेने.

आता एक अध्याय मागे जा. यशया २८:२३–२९ मध्ये एक शेतकरी आहे. नांगरणी कधी थांबवावी, कोणते बी कुठे पेरावे, जिरे मळणीच्या गाड्याखाली न घालता काठीने का झोडावे, हे तो जाणतो. हे ज्ञान त्याला देवानेच शिकवले, असे संदेष्टा म्हणतो. म्हणजे न्याय ज्ञानावर नाही; तो गर्विष्ठ, कोणालाच न विचारणाऱ्या ज्ञानावर आहे.

आपल्या जिल्ह्यात याचे उदाहरण आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना शाळेची पायरी चढता आली नाही. संकरित बियाण्यांपुढे गावठी वाण मागे पडत असताना त्यांनी भात, वाल आणि भाज्यांचे वाण जपले, बियाणे बँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आज शिकलेली माणसे त्यांच्याकडे शिकायला जातात.

यशयाचा इशारा बाहेरच्यांना नव्हता, उपासना करणाऱ्यांना होता. म्हणून तो आपल्यालाही आहे. आपण पाड्यांसाठी प्रेमाने योजना आखतो, देणग्या गोळा करतो. पण विहीर कुठे हवी, बी कोणते हवे, हे पाड्यावरच्या आजीला विचारतो का? तिलाही देवाने शिकवले आहे. तेव्हा आधी प्रार्थना, मग पाड्यावर बसून ऐकणे, आणि त्यानंतरच कागद-पेन, हा क्रम आपण पाळू या.